गोव्याचा प्रश्न कागदांतून कसा उलगडायचा: खलिते एका हाती, मुरगावचा माल दुसऱ्या हाती (१९४७–१९६१)

गोवामुक्तीवर मराठीत लिहायला बसणारे बहुतेक जण सत्याग्रहापासून सुरुवात करतात आणि ऑपरेशन विजयपाशी, म्हणजे डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईपाशी, थांबतात. मधल्या चौदा वर्षांत दिल्ली, लिस्बन, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये काय शिजत होते ते ‘सालाझारचा हट्ट’ (सालाझार म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा) आणि ‘नेहरूंचा संयम’ या दोन शब्दांत उरकले जाते. हट्टही खरा, संयमही खरा. पण ज्या काळात भारत गोव्याची आर्थिक कोंडी करत होता, त्याच काळात मुरगाव बंदरातून लोहखनिजाची निर्यात वाढतच गेली. याचा मेळ त्या दोन शब्दांनी बसत नाही. तो बसवायचा तर राजनैतिक पत्रव्यवहार आणि व्यापाराचे आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात. ते कसे करायचे, त्यात माणूस कुठे फसतो आणि का फसतो, हे इथे सांगितले आहे. पदव्युत्तर प्रबंध, स्थानिक इतिहासाचा लेख किंवा एखादे व्याख्यान तयार करणाऱ्यांना ते उपयोगी पडावे.

आधी प्रश्न लहान करा

‘गोवा आणि आंतरराष्ट्रीय राजकारण’ एवढ्या मोठ्या विषयाला हात घातला की सहा महिन्यांनी हाती फक्त टाचणे उरतात. प्रश्न असा घ्या की ज्यात एक देश, एक माल आणि एक कालखंड असेल. उदाहरणार्थ: १९५५ च्या नाकेबंदीने गोव्याच्या कोणत्या व्यापाराला फटका बसला आणि कोणत्याला नाही? किंवा: पश्चिमी राष्ट्रांनी सुरक्षा परिषदेत पोर्तुगालची बाजू घेतली, पण प्रत्यक्ष मदत का केली नाही? दादरा-नगर हवेलीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेल्या खटल्यात पेशव्यांच्या सनदांचे काय झाले, हाही स्वतंत्र प्रश्न आहे आणि मराठी वाचणाऱ्यासाठी तो सर्वांत फलदायी आहे.

मग एक तक्ता आखा. वही चालेल, एक्सेल बरे. रकाने पाच: तारीख, कोणाकडून कोणाला, कागदाचा प्रकार (खलिता, निवेदन, संयुक्त पत्रक, संसदेतले भाषण, न्यायालयीन अर्ज), त्या महिन्यात मालाची आणि माणसांची ये-जा कशी होती, आणि हा पुरावा कुठल्या संचिकेत सापडला. चौथा रकाना सुरुवातीला रिकामाच राहील, म्हणून लोक तो गाळून टाकतात. गाळू नका. तो रिकामा दिसतो म्हणूनच आकडे शोधायची आठवण राहते.

तारखांचा सांगाडा

या तारखा आधी भरून घ्या. पुढचे सगळे यांच्या आजूबाजूला बसते.

- २७ फेब्रुवारी १९५०: वसाहतींच्या हस्तांतरणाची बोलणी सुरू करा, असे भारताचे लिस्बनला निवेदन. १५ जून १९५० ला पोर्तुगालचा नकार.
- १९५१: पोर्तुगालने राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ केले. गोवा आता कागदोपत्री वसाहत उरला नाही. पुढची दहा वर्षे लिस्बनचा सगळा युक्तिवाद या दुरुस्तीवर उभा आहे.
- ११ जून १९५३: भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली.
- जुलै-ऑगस्ट १९५४: दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेले.
- ८ ऑगस्ट १९५५: दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात भारताच्या सांगण्यावरून बंद.
- १५ ऑगस्ट १९५५: सत्याग्रहींवर गोळीबार, वीसहून अधिक हुतात्मे. लगोलग रेल्वे आणि सीमा बंद. १ सप्टेंबरला गोव्यातली भारतीय कॉन्सुलेट बंद.
- १२ एप्रिल १९६०: हेगच्या न्यायालयाचा निकाल.
- १५ डिसेंबर १९६०: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १५४२. पोर्तुगालच्या अ-स्वशासित प्रदेशांच्या यादीत ‘गोवा आणि त्याखालील प्रदेश’ नावानिशी आले.
- १८-१९ डिसेंबर १९६१: लष्करी कारवाई, आणि १८ तारखेलाच सुरक्षा परिषदेत मतदान.
- ३१ डिसेंबर १९७४: दिल्लीत करार. पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेश आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सह्या.

वकिलाती बंद झाल्या म्हणजे संवाद संपला असे समजू नका. १९५५ नंतर भारतातले पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझील सांभाळत होता आणि पोर्तुगीज बाजूला भारताचे हितसंबंध इजिप्त पाहत होता. त्यामुळे त्यानंतरचे खलिते दिल्ली-लिस्बन अशा नावाने शोधलेत तर सापडणार नाहीत. ते तिसऱ्याच्या पाकिटातून गेलेले असतात. आणखी एक सवय लावून घ्या: खलित्यावरची तारीख, तो समोरच्याला मिळाल्याची तारीख आणि तो वर्तमानपत्रात जाहीर झाल्याची तारीख वेगळी लिहा. ‘केसरी’त बातमी आली त्या दिवशी घटना घडली, असे धरून केलेला कार्यकारणभाव हमखास उलटा पडतो.

कोणाचे काय अडकले होते

प्रत्येक देशासाठी दोन ओळी लिहा: तो जाहीरपणे काय म्हणाला, आणि त्याला पोर्तुगालकडून किंवा भारताकडून काय हवे होते. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर पहिलीचा अर्थ लावू नका.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. अमेरिकेला पोर्तुगालकडून अझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ हवा होता, आणि त्याच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती. भारताकडून तिला आशियातला सर्वांत मोठा लोकशाही देश दुरावायला नको होता. म्हणून वॉशिंग्टनची भाषा प्रत्येक प्रसंगी थोडी घसरते, थोडी सावरते. २ डिसेंबर १९५५ ला परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलु कुन्या यांनी संयुक्त पत्रक काढले. त्यात आशियातल्या पोर्तुगीज ‘प्रांतां’चा उल्लेख होता. लिस्बनने रचलेला शब्द अमेरिकेने सहीनिशी उचलला, आणि दिल्लीत संताप उसळला. तेव्हा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांचा आशिया दौरा चालू होता आणि गोव्यावर ते उघडउघड भारताच्या बाजूने बोलत होते, हे शेजारच्या ओळीत लिहिले की डलेसच्या पत्रकाची वेळ समजते.

सोव्हिएत रशियाचीही दुसरी ओळ विसरू नका. त्याच डिसेंबरात, १४ तारखेला, पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. सोळा देशांच्या एकत्रित प्रवेशात. त्या सोळांत रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी आणि अल्बानियाही होते. आपल्या गोटातले चार देश आत येत असतील तर पोर्तुगाल आत आला तरी मॉस्कोला चालला. भाषण ऐकून मित्र ठरवणाऱ्यांनी ही नोंद जरूर ठेवावी.

ब्रिटनची संचिका वाचायची एक खास रीत आहे. भारताचा कारभार राष्ट्रकुल संबंध खात्याकडे आणि पोर्तुगालचा परराष्ट्र खात्याकडे. एकाच घटनेवर दोन खात्यांचे दोन सूर असतात: एकाला राष्ट्रकुल फुटायला नको, दुसऱ्याला शतकानुशतकांचा मित्र दुखवायला नको. फक्त एक मालिका पाहून ‘ब्रिटनची भूमिका’ लिहिली की ती निम्मी चुकते. दोन्ही वाचल्यावर दिसते ते असे की पोर्तुगालशी असलेले जुने मैत्रीचे करार लंडनने नाकारले नाहीत, पण राष्ट्रकुलातल्या देशाशी लढायला त्यांचा आधार घेता येणार नाही, हे लिस्बनला कळवले.

पोर्तुगाल सदस्य असलेल्या नाटो या पश्चिमी लष्करी युतीबद्दल मराठीत एक गैरसमज वारंवार छापून येतो: गोव्यावर हल्ला म्हणजे नाटोवर हल्ला, म्हणून नेहरू थांबले. नाटो कराराचे सहावे कलम उघडून पाहा. सामूहिक संरक्षणाची हद्द त्यात आखलेली आहे. बेटांच्या बाबतीत ती उत्तर अटलांटिकमधली, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची. गोवा पंधरा अंश उत्तर अक्षांशावर आणि भलत्याच समुद्रात. पोर्तुगालने नाटोचे नाव दडपणासाठी वापरले हे खरे, पण कलमाने कोणी बांधलेले नव्हते.

व्हॅटिकनकडे लोकांचे लक्षच जात नाही. भारतातल्या काही धर्मप्रांतांचे बिशप नेमण्यात पोर्तुगालचा शब्द चालत असे. १८ जुलै १९५० च्या समझोत्याने मुंबईसह अनेक ठिकाणचा तो हक्क पोर्तुगालने सोडला. भारताचा वसाहतींविषयीचा पहिला खलिता त्याच वर्षीचा आहे. ‘गोवा म्हणजे कॅथलिक जगताचा प्रश्न’ हा लिस्बनचा सूर रोमला किती पटत होता, हे तपासायला इथून सुरुवात करा.

मालाचे आकडे: इथे सर्वाधिक चुका होतात

खाणी येण्यापूर्वी गोव्याचा व्यापार तोट्याचाच. नारळ, काजू, मासळी, मीठ बाहेर जाई, आणि तांदळापासून कापडापर्यंत बरेच काही आत येई. ही तूट मुंबई, पूर्व आफ्रिका, आखात आणि जहाजांवर राबणाऱ्या तारवटींच्या मनिऑर्डरी भरून काढत. १९४० च्या दशकाअखेर लोहखनिज सुरू झाले आणि हे गणित फिरले. जपान मुख्य गिऱ्हाईक. पश्चिम जर्मनी आणि इतर युरोपीय देशही घेत. जपानी पोलाद कारखान्यांनी पैसा पुरवला, त्यावर खाणींत यंत्रे आली आणि कर्ज खनिजातून फिटत गेले. १९६१ पर्यंत निर्यात वर्षाला पन्नास लाख टनांच्या वर गेलेली होती.

आता आकडे उतरवताना काय काय बघायचे ते.

चलन. १९५८ अखेरपर्यंत गोव्याचा हिशेब रुपियात. एका रुपियाचे सोळा टांगे. १९५९ पासून एस्कुदो आला. दर एका रुपियाला सहा एस्कुदो. त्यामुळे १९५८ आणि १९५९ चे आकडे तसेच शेजारी ठेवले तर एका वर्षात व्यापार सहापट वाढलेला दिसतो. असा ‘चमत्कार’ दिसला की आधी रकान्याच्या डोक्यावरचे चलन पाहा. एस्कुदोची लिहिण्याची पद्धतही वेगळी: १.२५०$५० म्हणजे एक हजार दोनशे पन्नास एस्कुदो आणि पन्नास सेंताव्हो. टिंब हजारासाठी, डॉलरसारखी खूण दशांशाच्या जागी. तिचा डॉलरशी काही संबंध नाही. मोठ्या रकमा ‘कोंतो’त असतात, एक कोंतो म्हणजे हजार एस्कुदो.

वजन. पोर्तुगीज कागदांतला टन १,००० किलोचा, इंग्रजी व्यापारी कागदांतला बऱ्याचदा सुमारे १,०१६ किलोचा. फरक सुमारे १.६ टक्क्यांचा. लहान वाटतो, पण पन्नास लाख टनांवर तो ऐंशी हजार टनांचा होतो. शिवाय खनिज ओले तोलले की कोरडे, हेही पाहा. कोकणातल्या पावसाळ्यात भिजलेला माल तोलला तर पाण्याचेही पैसे होतात, म्हणून विक्रीचे करार सहसा कोरड्या वजनावर होत. बंदराची नोंद आणि कराराची नोंद जुळत नसेल तर आधी इथे शोधा.

वर्ष. पोर्तुगीज आकडे जानेवारी ते डिसेंबर, भारतीय आकडे एप्रिल ते मार्च. ‘१९५५-५६’ आणि ‘१९५५’ यांची तुलना करायची तर महिन्यांचे आकडे लागतात.

किंमत. निर्यात करणाऱ्याच्या वहीत बंदरातला भाव असतो. आयात करणाऱ्याच्या वहीत त्यावर जहाजाचे भाडे आणि विमा चढलेला असतो. खनिजासारख्या स्वस्त आणि जड मालात भाडे हा फार मोठा हिस्सा. मुरगावात आणि जपानमध्ये एकाच मालाची किंमत वेगळी दिसली म्हणजे कोणी चोरी केली असे नव्हे. अशा वेळी किंमत सोडा, टन जुळवा. तेही जुळणार नाहीत थोडे, कारण डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोचते.

बंदर. ही सर्वांत फसवी जागा. मुरगाव हे फक्त गोव्याचे बंदर नव्हते. कॅसलरॉकवरून घाट उतरणाऱ्या मीटरगेज रेल्वेने दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकचा माल, विशेषतः मँगनीज, मुरगावला येत असे. १९५५ मध्ये रेल्वे बंद झाल्यावर हा पारगमनाचा व्यापार तुटला. म्हणून बंदराचे एकूण आकडे घेतले तर नाकेबंदीने ‘गोव्याची निर्यात’ कोसळल्याचे दिसते. गोव्यात निघालेल्या खनिजाचे वेगळे आकडे घेतले तर उलट चित्र दिसते. बंदर खात्याचा तक्ता आणि जकात खात्याचा तक्ता दोन्ही उतरवा आणि कुठला कुठे वापरला ते प्रत्येक वेळी लिहा.

गिऱ्हाईक देशाच्या बाजूनेही हाच घोळ. १९६१ पर्यंत परदेशी तक्त्यांत गोवा ‘पोर्तुगीज भारत’ म्हणून भारतापासून वेगळा असतो. नंतर तो भारतात मिळतो. भारताच्या लोहखनिज निर्यातीत साठच्या दशकाच्या आरंभी दिसणाऱ्या उडीत गोव्याचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या उडीचे श्रेय कोणत्याही धोरणाला देऊ नका.

आणि तस्करी. ती आकड्यांत नसते असे म्हणतात, पण तिची सावली असते. गोव्याची लोकसंख्या १९६० च्या सुमारास सहा लाखांच्या आत-बाहेर. आयातीचे सोने, घड्याळे, विदेशी दारू यांना त्या लोकसंख्येने भागा. दर माणशी येणारा आकडा वापरण्यापलीकडचा वाटला तर उरलेला माल बांदा, दोडामार्ग आणि कारवारच्या बाजूने कुठे गेला असेल ते उघड आहे. हा भागाकार पुरावा म्हणून नव्हे, खूण म्हणून वापरा. पुरावा भारतीय जकात खात्याच्या जप्तीच्या नोंदींत मिळतो.

एक वर्ष उलगडून पाहू: १९५५

तक्ता कसा बोलतो ते या वर्षात सर्वांत चांगले दिसते. जुलैअखेर दिल्लीने पोर्तुगीज वकिलात बंद करायला सांगितले. ऑगस्टच्या मध्यावर गोळीबार. लगेच सीमा, रेल्वे, मनिऑर्डर, सगळे बंद. चौथ्या रकान्यात त्या महिन्यांची खनिज निर्यात भरायला गेलात तर ती अगदी कमी दिसेल. हा नाकेबंदीचा परिणाम असे लिहायचा मोह होतो. लिहू नका. जून ते सप्टेंबर खनिजाचा हंगामच नसतो. खाणीत पाणी भरते, आग्वादच्या तोंडाशी रेतीचा बांध धरतो आणि मांडवीतून बार्जेस (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी) समुद्रात काढता येत नाहीत. काही माल कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरवून नेता येतो, पण हंगाम खरा सुरू होतो तो पावसाळ्यानंतर. म्हणून ऑगस्ट १९५५ ची तुलना जुलै १९५५ शी नाही, ऑगस्ट १९५४ शी करायची. आणि निष्कर्ष काढायचा तो ऑक्टोबर ते मे अशा पूर्ण हंगामावरून.

तसे केल्यावर कळते ते असे. डिचोली, सत्तरी आणि सांग्याचे खनिज बार्जने नदीतून मुरगावला जाते आणि तिथून जपानला. या वाटेत भारताची रेल्वे नाही, रस्ता नाही, बंदर नाही. नाकेबंदीचा हात या धंद्यापर्यंत पोचतच नव्हता, फक्त घाटावरचे आणि कोकणातले मजूर येणे थांबले. त्याची भरपाई यंत्रांनी होऊ लागली. हात पोचला तो मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या घरांपर्यंत, सीमेवरच्या बाजारांपर्यंत आणि रेल्वेवर पोट असलेल्या हमालांपर्यंत. म्हणजे ज्यांची सहानुभूती भारताला हवी होती त्यांनाच चटका बसला, आणि पणजीच्या तिजोरीला खनिजाचे परकीय चलन मिळत राहिले. त्या पैशावर तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, सिमेंट जपानमधून, बटाटे हॉलंडमधून येऊ लागले. दाभोळीचा विमानतळ आणि कराचीला जोडणारी विमानसेवा याच वर्षीची. पुढे दिल्लीने निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल केले. नाकेबंदी हे चुकीच्या जागी लावलेले हत्यार होते, असे आमचे मत. पण ते मत म्हणून घ्या आणि स्वतःच्या आकड्यांवर तपासा.

गोव्यातल्या खाणमालकांबद्दल लिहिताना घाईने ‘देशभक्त’ किंवा ‘पोर्तुगीजधार्जिणे’ असा शिक्का मारू नका. त्यांचे परवाने पोर्तुगीज कायद्याचे, गिऱ्हाईक जपानी, नाती सावंतवाडी-बेळगावपर्यंत. अशा माणसाचा कल भाषणांपेक्षा त्याच्या करारांच्या मुदतींतून जास्त कळतो.

हेगचा निकाल कसा वाचायचा

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर हा खटला संपूर्ण मिळतो: अर्ज, दोन्ही बाजूंची निवेदने, तोंडी युक्तिवाद, निकाल. पाने हजारोंनी आहेत. क्रम असा ठेवा: आधी निकालाचा शेवटचा, मतदानाचा भाग, मग सनदांची चर्चा, मग गरज पडली तर निवेदने.

पार्श्वभूमी दोन ओळींत. दादरा-नगर हवेली भारतीय प्रदेशाने वेढलेली. दमणहून तिथे जायला भारतातून वाट. ती भारताने १९५४ मध्ये अडवली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत आला, १९ तारखेला न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला अर्ज दाखल केला. आठ दिवसांत तीन पावले. हा बेत आधीच तयार होता. भारताने जानेवारी १९५६ मध्ये अधिकारमान्यतेची आपली जुनी घोषणा मागे घेतली, पण तोवर खटला दाखल झालेला होता. भारताच्या प्राथमिक हरकतींवरचा निकाल २६ नोव्हेंबर १९५७ चा. तो आणि १९६० चा अंतिम निकाल यांची गल्लत होते, संदर्भ देताना वर्ष नीट लिहा. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश म. क. छागला.

पोर्तुगालचा दावा उभा होता १७७९ च्या पुणे तहावर आणि पेशव्यांच्या १७८३ व १७८५ च्या सनदांवर. तहाने पोर्तुगीजांना दमणच्या बाजूला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे मिळाली. प्रश्न असा: पेशव्यांनी राज्य दिले की नुसता वसूल? न्यायालयाने म्हटले, वसूल. ही सरंजाम-जहागिरीच्या धर्तीची देणगी. सार्वभौमत्व मराठ्यांकडेच राहिले. इथवर भारताचे म्हणणे टिकले. पण पुढे न्यायालय म्हणते, इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज तिथे पूर्ण सत्ता चालवत होते, इंग्रजांनी ती मुकाट मान्य केली आणि पुढे भारतानेही. म्हणजे सनदेने नाही मिळाले ते वहिवाटीने मिळाले.

निकाल तीन भागांत पाहा. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारे-दारूगोळा यांना नव्हता: ८ विरुद्ध ७. आणि १९५४ मध्ये वाट अडवताना भारताने आपले बंधन मोडले नाही: ९ विरुद्ध ६. ‘भारत जिंकला’ किंवा ‘पोर्तुगाल जिंकला’ यांपैकी कोणतेही एक वाक्य लिहिलेत तर चुकाल. व्यवहारात मात्र सैन्य नेता येत नाही म्हटल्यावर लिस्बनच्या हाती उपयोगाचे काही राहिले नाही.

पुढे जायचे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. मोडी येत असेल तर न्यायालयापुढे भाषांतरांवरून झालेला वाद मुळातून तपासता येतो. हे काम पोर्तुगीज किंवा इंग्रजी अभ्यासकाला जमणार नाही. ते मराठी माणसाच्याच हातचे.

सुरक्षा परिषदेतले मत मोजताना

१८ डिसेंबर १९६१ ला दोन मसुदे मतास आले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा मसुदा: लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावे. बाजूने ७, विरुद्ध ४ (सोव्हिएत रशिया, श्रीलंका, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त). रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. दुसरा श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा, पोर्तुगालने वसाहतवाद सोडावा असा: बाजूने ४, विरुद्ध ७.

दोन सूचना. परिषदेत तेव्हा अकराच सदस्य होते, आणि जपान त्यांत नव्हता. त्यामुळे सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची भूमिका मतदानात शोधत बसू नका; ती त्याच्या खरेदी करारांत आहे. दुसरे, वसाहतींना स्वातंत्र्य द्यावे अशा १४ डिसेंबर १९६० च्या आमसभा ठराव १५१४ वर कोण तटस्थ राहिले ते पाहा: नऊ देश, त्यांत पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका. १९६१ च्या सातांपैकी तीन इथेच सापडतात.

कागद कुठे मिळतात

दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार. त्याच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या शोध घेता येतो. शोधताना ‘गोवा’ एवढ्यावर थांबू नका. ‘पोर्तुगीज वसाहती’, ‘दमण’, ‘मुरगाव’ आणि संबंधित देशाच्या नावानेही शोधा, आणि इंग्रजीत मुरगावची दोन-तीन स्पेलिंगे टाकून पाहा. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेच्या चर्चा आहेत. भाषणांपेक्षा प्रश्नोत्तरे उपयोगाची, कारण व्यापाराचे आकडे तिथे मंत्र्याच्या तोंडून येतात.

पणजीत गोवा पुराभिलेख खाते आणि पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. सरकारी राजपत्र, म्हणजे ‘बोलेतीं ओफिसियाल’, चाळताना जकातीचे दर, आयात परवाने आणि खाण परवाने या तीनच गोष्टी पहिल्या फेरीत उतरवा. पोर्तुगीज येत नसली तरी शीर्षके आणि तक्ते वाचण्यापुरते शे-दीडशे शब्द महिनाभरात येतात.

लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याची एफओ ३७१ आणि राष्ट्रकुल खात्याच्या डीओ मालिका. वाचक ओळखपत्र काढले की स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात; प्रत्येक पानाआधी संचिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्या, नाहीतर नंतर कुठले पान कुठले ते कळत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने छापलेला पत्रव्यवहार इंटरनेटवर फुकट आहे. पोर्तुगालच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपली बाजू मांडायला साठच्या दशकात चार खंड छापले. उपयोगी आहेत, पण काय छापले यापेक्षा काय वगळले ते क्यूच्या संचिकांशी ताडून बघा.

तक्ता १९६१ ला बंद करू नका

झेंडा बदलला तरी व्यापाराचे धागे त्या दिवशी तुटत नाहीत. पोर्तुगीज अमदानीतले खाण परवाने पुढेही चालू राहिले. संसदेने ते रद्द करून भाडेपट्ट्यात बदलले ते १९८७ च्या कायद्याने. गोव्यातल्या लोकांनी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेत गहाण ठेवलेले सोने कारवाईआधी लिस्बनला नेले गेले होते. ते भारतात परत आले १९९१ मध्ये. आणि पोर्तुगालने भारताची सत्ता कायद्याने मान्य केली ती १९७४ च्या करारात, म्हणजे लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर आठ महिन्यांनी. त्या करारात सार्वभौमत्वाची मान्यता गोवा, दमण, दीव यांच्याबरोबर दादरा-नगर हवेलीलाही आहे, त्यामुळे हेगच्या खटल्याची शेवटची नोंदही याच ओळीत करा. करार अमलात आला ३ जून १९७५ ला. सहीची तारीख आणि अंमलाची तारीख दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.